डावा गाल

सात-चाळीसच्या गाडीची घोषणा अर्ध्यावर आली होती. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, फलाट क्रमांक चारवर' एवढं त्याच्या तोंडून नेहमीच्या संथ सुरात निघून गेलं होतं, आणि पुढच्या शब्दासाठी ओठ उघडले तेवढ्यात नाकपुडीच्या डाव्या कडेपासून कानापर्यंत कुणीतरी जिवंत तार खसकन ओढली. दुखलं असं त्याला वाटलंच नाही. वाटलं, काहीतरी फुटलं. समोरची काच, हातातला माइक, डोक्यावरचा दिवा, काहीतरी. माइकचं बटण बोटाखाली तसंच दाबलेलं राहिलं, आणि तोंडून जो आवाज निघाला तो बसस्थानकाच्या आठही फलाटांवरच्या कर्ण्यांतून बाहेर पडला. तो आवाज कसा होता हे त्याला कधीच आठवलं नाही. काचेपलीकडे लोकांनी माना वर केलेल्या मात्र दिसल्या. एक बाई पेटीवर बसली होती, ती उठून उभी राहिली. दोन सावकाश श्वास घेता येतील एवढाच वेळ हे चाललं असेल. मग ते गेलं. हळूहळू उतरलं वगैरे नाही, आलं तसंच गेलं. मागे ठणका नाही, जळजळ नाही, काही नाही. त्याने बटणावरचं बोट उचललं, पुन्हा दाबलं आणि 'लागलेली गाडी सुटण्यास तयार आहे' हे वाक्य त्याच त्या सुरात पुरं केलं. पुढे सगळ्यात जास्त आठवत राहिलं ते हेच, की आपण वाक्य पुरं केलं, आणि आपल्याला काहीही झालेलं नव्हतं.

कंट्रोलर चहाचे दोन कप घेऊन आत आला. एकवीस वर्षं दोघं याच काचेच्या खोलीत शेजारी शेजारी बसत होते; गाड्या कंट्रोलरने सोडायच्या आणि त्याने त्या बोलून दाखवायच्या. "काय हो," कंट्रोलर म्हणाला, "कुत्र्याच्या शेपटीवरून चाक गेलं की काय? खाली सगळे गाड्यांखाली वाकून बघतायत."

"दात," तो म्हणाला. त्याला स्वतःलाही ते खरं वाटलं. दुसरं काय असणार?

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर हे त्याने बायकोला सांगितलं नाही. यात काही विशेष नव्हतं, दातदुखी काय सांगायची. पण दिवसभरात घडलेली गोष्ट तिला सांगितली नाही असं सहा वर्षांत पहिल्यांदाच झालं. सहा वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेली. त्याआधी तो घुम्या म्हणूनच ओळखला जायचा. ती म्हणायची, यांचे सगळे शब्द कामावरच खर्च होतात, घरी येतो तो नुसता खोकला. डोळे गेल्यावर पहिले दोन महिने ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. एकदा त्याने काय बोलावं ते न सुचून सांगितलं, की आज एक माणूस भलंमोठं घड्याळ काखेत मारून गाडीत चढला आणि घड्याळ चालू होतं. ती भिंतीकडून इकडे वळली आणि म्हणाली, "किती वाजले होते त्यात?" त्याला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो नीट बघायला लागला. संध्याकाळी हातपाय धुऊन तिच्यासमोर बसायचं आणि दिवस उलगडून सांगायचा. ती अर्धवट काही चालवून घ्यायची नाही. निळा म्हणजे कसला निळा? रडत होती म्हणजे आवाज करून की नुसती? कधी तो थापही मारायचा, आणि तिला ती बरोबर कळायची. "हे घातलंत हं पदरचं," असं म्हणून ती हसायची. लोकांना वाटायचं, किती करतो बायकोसाठी. त्याला माहीत होतं, यात आपल्यालाही काहीतरी मिळतंय. बोलता बोलता तो माणसांत आला होता.

पहिल्या झटक्यानंतर आठ दिवस काहीच झालं नाही. नवव्या दिवशी दात घासताना झालं, त्याच दिवशी दुपारी पाणी पिताना झालं, आणि मग रोज. दाताच्या डॉक्टरने आरसा घालून, ठोकून, फोटो काढून पाहिलं. "कीड तशी दिसत नाही," तो म्हणाला, "पण तुम्ही म्हणता ही दाढ, तर काढून टाकू." काढली. तीन दिवस बरं वाटलं. मग तिच्या शेजारची दुखायला लागली, ती पण काढली. पाचव्या दिवशी, जिथे आता नुसता मऊ खड्डा उरला होता त्या जागेवरून झटका निघाला आणि डोळ्यापर्यंत गेला. नसलेली दाढ दुखत होती. दातांचा डॉक्टर भला माणूस होता. त्याने तिसऱ्या दाढेला हात लावायला नकार दिला. "हे दाताचं नसावं. माझं चुकलं असेल आधी," असं म्हणून एका नसांच्या डॉक्टरांचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. चिठ्ठी घेऊन तो जिना उतरला. खालच्या पायरीवर थांबून त्याने ती उघडली. त्यात मेंदू हा शब्द होता. घडी करून खिशात ठेवली. मेंदूचा डॉक्टर म्हणजे डोक्यात काहीतरी वाढत असणार. ते बघितलं नाही तोवर ते नाही, असा हिशेब त्याने केला आणि चिठ्ठी चार महिने एका खिशातून दुसऱ्या खिशात फिरवली.

त्या चार महिन्यांत त्याला कळलं, की दुखणं तसं फारच थोडा वेळ असतं. दिवसभरातलं सगळं मोजलं तर पाच मिनिटंही भरली नसती. उरलेला सगळा वेळ भीतीचा. सकाळी जाग येताच तो डोळे न उघडता पडून राही आणि गाल कुठे आहे ते आतल्या आत चाचपून बघे. झोपेत ते येत नसे, त्यामुळे जागं होणं म्हणजे उघड्यावर येणं. गालाने कायदे केले होते आणि ते त्याला न सांगता बदलत. उजव्या बाजूने चावलं तर चालतं, असं दोन आठवडे होतं. मग चालेनासं झालं. गरम चहा नको. गार पाणी नको. उशी डावीकडून नको. दाढी उजव्या गालावर करायची आणि डावीकडे नाकाच्या रेषेपाशी थांबायचं; काही दिवसांनी आरशात दोन वेगवेगळी माणसं मध्येच शिवल्यासारखी दिसायला लागली, तेव्हा त्याने दोन्हीकडे दाढी वाढवली. भर उन्हाळ्यात गळ्याभोवती मफलर आला. रस्त्याने जाताना तो वाऱ्याची दिशा बघून फुटपाथ बदलायचा. कोपऱ्यावर वळताना आधी थांबायचा, कारण कोपऱ्यामागे वारा उभा असतो. लहान मुलं, छत्र्या, खांद्यावर सामान घेतलेले हमाल, भावनेच्या भरात अंगाशी येणारे ओळखीचे लोक, सगळे शत्रू. झटका येऊन गेला की मात्र मिनिटभर सुटका असायची. त्या मिनिटात गालाला काही केलं तरी चालायचं. त्या मिनिटात तो घाईघाईने घास गिळून घ्यायचा, चोरासारखा.

आणि बोलणं. हे सगळ्यात वाईट होतं, कारण बोलणं ही त्याची भाकर होती. कोणत्या अक्षराला ते येतं हे तो काचेच्या खोलीत बसून मनातल्या मनात तपासू लागला. क आणि ग बरे होते. त, द चालायचे. ओठाला ओठ लागला की धोका. प, ब, म. फ तर सगळ्यात भयंकर. फ म्हणताना खालचा ओठ किंचित थरथरतो हे पन्नास वर्षं जगून त्याला माहीत नव्हतं. आणि त्याची प्रत्येक घोषणा 'प्रवाशांनी'ने सुरू होऊन 'फलाट'वर जायची. त्याने 'चार नंबरला गाडी लागली आहे' असं म्हणायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी कंट्रोलर म्हणाला, "वरून विचारणा आलीय. फलाट क्रमांक म्हणायचं आहे. एकवीस वर्षं म्हणताय ना?" तो मान हलवून हो म्हणाला. मानही हळूच हलवली. फ आला की तो बटण सोडायचा, टेबलाची कड दोन्ही हातांनी धरायचा, मनात तीन मोजायचा आणि पाण्यात उडी टाकावी तसा तो शब्द म्हणून टाकायचा. कधी काही होत नसे. काही झालं नाही की त्याला जास्त भीती वाटे. वाटे, हे पुढच्या वेळेसाठी राखून ठेवलंय.

घरी येईपर्यंत शब्द संपलेले असत. बायकोला हाक मारायला 'अगं' पुरायचं, त्यात ओठ लागत नाहीत, एवढी एक दया होती. "घसा बसलाय," त्याने सांगितलं. ती दोन दिवस काढे करून देत राहिली आणि तो ते मोरीत ओतत राहिला. मग ती बोलेनाशी झाली. तिला दिसत नव्हतं, पण घरातलं एकूण एक ऐकू यायचं. पंखा लावला की हा उठून बंद करतो. जेवायला तासभर लावतो आणि ताटात अर्धा मऊ भात तसाच राहतो. ती जवळ येऊन बसली की खुर्ची सरकल्याचा आवाज होतो. विचारलं तर "हं." काय झालं? "काही नाही." एकदा ती म्हणाली, "घसा बसलेला माणूस एका बाजूने का चावेल?" त्याला सांगायचं होतं. पण सांगायचं म्हणजे बोलायचं, बरंच बोलायचं, आणि बोललो तर ते येणार, आणि ते आल्यावर काय होतं ते तिला ऐकू जाणार. एखाद्याने कागदावर लिहून दिलं असतं. तिला लिहून तरी काय देणार? आणि या सगळ्याच्या खाली खिशातली चिठ्ठी होती. डोक्यात काही निघालं, आपण गेलो, तर ही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाईल, पण बाकीचं?

एका संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातूनच, पाठमोरी राहून विचारलं, "कंटाळा आला असेल तर सांगा. मला राग नाही यायचा. सहा वर्षं काही कमी नाहीत." त्याने "अगं" म्हटलं आणि त्यापुढे काही म्हणता आलं नाही. तिने भांडं खाली ठेवलं. "दुसरं कुणी आहे का, एवढंच सांगा. मला दिसत नाही म्हणून तुम्हाला सोपं जाईल असं समजू नका." हे ऐकून त्याला हसू आलं, हसण्याने गाल ताणला गेला आणि तिथेच भिंतीला धरून तो वाकला. तोंड घट्ट मिटून घेतल्यामुळे आवाज नाकातून बाहेर पडला. तिला वाटलं, हा हसतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घडलं. डोळे गेल्यापासून तिची एक सवय होती: तो कामावर निघाला की दारात त्याला उभं करून ती दोन्ही हातांनी त्याचा चेहरा बघायची. कपाळ, भुवया, गाल, हनुवटी. "ठीक. जा आता," म्हणायची. हल्ली तो तिला चुकवून, चपला हातात घेऊन बाहेर पडायचा. त्या दिवशी ती दाराशी आधीच येऊन उभी होती. तिचे हात वर आलेले त्याला दिसले. ते हात त्याने हजार वेळा पाहिले असतील. त्या क्षणी मात्र ती माणसाची बोटं आहेत हेही त्याला सुचलं नाही. काहीतरी आपल्या गालाकडे येतंय एवढंच. त्याने तिचं मनगट हवेतल्या हवेत पकडलं आणि पिळलं. ती ओरडली. बांगडी वाजून फुटली. तरीही त्याने मनगट सोडलं नाही. हात गालापासून किती लांब आहे ते त्याच्या डोळ्यांनी आधी मोजलं आणि मगच सोडलं. ती दाराला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "मारणार होतात?" तिच्या आवाजात राग नव्हता. ती घाबरली होती. आपल्याच घरात, आपल्याच माणसाला.

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. "दात नाही," तो म्हणाला. थांबला. "नस आहे." पहिला झटका आला, तो येऊ दिला. नंतरच्या सुट्या मिनिटात जेवढं कोंबता येईल तेवढं त्याने कोंबलं: बोललं की येतं, हात लागला की येतं, वारा लागला की येतं, चार महिने झाले, चिठ्ठी आहे, मी गेलो नाही, मला भीती वाटते. पुन्हा झटका आला. या वेळी त्याने तोंड मिटलं नाही. तिने तो आवाज पहिल्यांदा पुरता ऐकला. तिचा हात आपोआप पुढे आला आणि मध्येच थांबला, तिने तो स्वतःच दुसऱ्या हातात धरून ठेवला. "आणि मी समजत होते," ती म्हणाली आणि पुढचं बोलली नाही. मग बांगडीचे तुकडे चाचपून बाजूला सारत म्हणाली, "चिठ्ठीवरचा नंबर वाचा. हळूहळू वाचा. एकेक आकडा. फोन मी करते."

नसांच्या डॉक्टर वयाने लहान आणि बोलायला घाईच्या होत्या, पण त्याला बोलायला लावायचं नाही हे त्यांना पहिल्या मिनिटातच कळलं. सगळं बायकोने सांगितलं, अक्षरांसकट. "फ?" डॉक्टर म्हणाल्या, "छान सांगितलंत." मग त्यांनी समजावलं, की चेहऱ्याला काय लागलं, गार की गरम, मऊ की टोचरं, हे मेंदूला कळवणारी एक नस असते, डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक. ती मेंदूतून निघते तिथे एखादी रक्तवाहिनी तिला टेकलेली असते. प्रत्येक ठोक्याला ती घासते. वर्षानुवर्षं घासून नसेवरचं आवरण झिजतं, मग साधा वारासुद्धा आत पोचेपर्यंत झटका होऊन पोचतो. पुष्कळ लोक आधी दात काढून येतात. डोक्यात दुसरं काही नाही ना, ते फोटो काढून बघूच.

"जिवाला धोका?" बायकोने विचारलं.

"याने जीव जात नाही."

त्याला दिलासा वाटायला हवा होता. त्याच्या मनात आलं, म्हणजे हे संपणार नाही.

फोटोत गाठ निघाली नाही. टेकलेली रक्तवाहिनी निघाली. फिट येणाऱ्यांना देतात त्या गोळ्या सुरू झाल्या, आणि दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो न्हाणीघरात उभा होता, ओंजळीत पाणी होतं, आणि ते तोंडावर मारून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण ते मारलं. त्याने पुन्हा मारलं. मग बादली संपेपर्यंत तोंड धूत राहिला. बाहेरून ती विचारत होती, "काय चाललंय आत? वाहून जाल."

पाच महिने बरे गेले. तो पुन्हा संध्याकाळी तिच्यासमोर बसू लागला. पण बोलताना त्याचं एक लक्ष गालाकडे असायचं, दारात उभ्या असलेल्या सावकाराकडे असावं तसं, आणि तिला ते ऐकू येत असणार. सहाव्या महिन्यात झटके गोळ्यांना जुमानेनासे झाले. गोळ्या वाढल्या. गोळ्या वाढल्या तशा पायऱ्या एकाच्या दोन दिसायला लागल्या, शब्द जिभेवर येईपर्यंत निसटू लागले. एका दुपारी दोन नंबरवर लागलेली गाडी त्याने सहावर सांगितली. दोनदा सांगितली, स्पष्ट, सुरेल आवाजात. एक म्हातारं जोडपं सहावरच्या गाडीत जाऊन बसलं. मुलीचं बाळंतपण होतं, तिकडे निघाले होते. तास-दीड तासाने भलत्याच गावी उतरल्यावर त्यांनी फोन केला. कंट्रोलर ओरडला नाही. त्याने माइक स्वतःकडे ओढून घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आज तुम्ही घरी जा." एकवीस वर्षांत कंट्रोलर त्याच्याशी इतक्या हळू कधी बोलला नव्हता. याचीच त्याला भीती वाटली.

गोळ्यांमुळे रक्तात मीठ कमी झालेलं निघालं. गोळ्या आणखी वाढवता येणार नव्हत्या. डॉक्टर म्हणाल्या, दोन वाटा आहेत. एक, सुईने नस बधिर करायची. गाल सुन्न राहील, काही वर्षांनी दुखणं परत येऊ शकतं. दुसरी, ऑपरेशन. कानामागे छोटं भोक पाडून आत जायचं, नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये कापसासारखी गादी ठेवायची. बहुतेकांना चांगला गुण येतो. डाव्या कानाचं ऐकणं जाऊ शकतं. क्वचित त्याहून वाईट. "त्याहून वाईट म्हणजे?" त्याने विचारलं. डॉक्टरांनी न टाळता सांगितलं. ते ऐकताना बायकोची बोटं त्याच्या कोपरावर होती. ती हलली नाहीत.

टॅक्सीत ती काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने चहा टाकला. तो वाट बघत होता. कशाची, हे त्याला पुरतं माहीत होतं, आणि माहीत असल्याची लाज वाटत होती. जवळजवळ सात वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनीही असंच दोन वाटा आहेत म्हणून सांगितलं होतं. तेव्हा तिला थोडं दिसायचं. माणसांच्या आकृत्या, खिडकी, रंग. ती म्हणत होती, राहू दे, आहे तेवढं पुरे. आणि तो, घुम्या माणूस, या एका गोष्टीत बोलला होता. "करून टाक," म्हणाला होता, "असं किती दिवस अर्धवट जगायचं?" नेमके हेच शब्द. ऑपरेशननंतर आत पू झाला. पट्टी काढली तेव्हा तिने विचारलं, "दिवा लावताय ना?" सकाळचे अकरा वाजले होते, खिडकीतून ऊन तिच्या मांडीवर पडलं होतं. त्यानंतरच्या इतक्या वर्षांत त्याने तिला जगातलं सगळं सांगितलं, हे सोडून. तिनेही विषय काढला नाही. कधी तिने एखादी गोष्ट पुन्हा विचारली, निळा म्हणजे कसला निळा, की त्याला वाटायचं, आता काढेल. आणि आज तो वाट बघत होता की तिने म्हणावं, करून टाका. म्हणजे पुढे काही वाईट झालं, तर ते एकट्याचं राहणार नाही.

"तू काय म्हणतेस?" शेवटी त्याने विचारलं.

"मी काही म्हणणार नाही."

"अगं, पण..."

"नाही. तुम्ही भलत्या आशेने बसलाय. मी हो म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही. जेवण करीन, गोळ्या मोजून देईन, दवाखान्यात बसेन. हे तेवढं मला सांगू नका." तिने कप खाली ठेवला तो बशीवर नीट न बसता कलंडला. एरवी तिच्या हातून असं होत नसे. तेव्हा त्याला कळलं, की तीही त्याच्याइतकीच घाबरली आहे, कदाचित जास्त. तिने ऑपरेशन आतून पाहिलेलं होतं.

पुढच्या तीन आठवड्यांत गालानेच निर्णय घेतला. जेवण बंद होत आलं. पँट कमरेला दोरीने बांधावी लागली. एकदा तहान लागली असताना तो पाण्याचा पेला हातात घेऊन अर्धा तास बसून राहिला, आणि पेला तसाच खाली ठेवून दिला. मग त्याने स्वतः डॉक्टरांना फोन केला. सही करताना त्याचा हात स्थिर होता. भीती गेली नव्हती. तिला जायला जागाच उरली नव्हती, इतकंच.

ऑपरेशनच्या सकाळी त्याच्या कानामागचे केस काढले होते. बायको खाटेशेजारी बसली होती. बाहेर स्ट्रेचरची चाकं वाजली तशी ती एकदम म्हणाली, "ऐका. तेव्हा माझ्या डोळ्यांचं मी आधीच ठरवलं होतं. तुम्ही म्हणायच्या आधी. डॉक्टरांना सांगूनही टाकलं होतं. तुमच्या म्हणण्याने काही झालं नाही." त्याने तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलणाऱ्याचे डोळे हलतात म्हणतात. तिचे डोळे त्याच्या खांद्यावरून पलीकडे भिंतीवर ठेवलेले होते, नेहमीसारखेच. वॉर्डबॉयने त्याला उचलून स्ट्रेचरवर घेतलं. छतावरचे दिवे एकामागून एक सरकायला लागले, आणि त्याच्या ध्यानात आलं की आपण दिवे मोजत नाही, घाबरतही नाही, एकच विचार करतोय: खरं असेल का?

शुद्ध आली ती एका ओल्या फडक्यामुळे. नर्स त्याचं तोंड पुसायला वाकली होती. फडकं डाव्या गालाकडे येताना त्याने पाहिलं आणि तो ओरडला. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं हलली. नर्स दचकून मागे झाली. "काय झालं? कुठं दुखतंय?" फडकं गालावर टेकून गेलेलं होतं. गार होतं. ओलं होतं. बस. "कुठंच नाही," तो म्हणाला, आणि आपला आवाज एकाच बाजूने ऐकू येतोय हे त्याला जाणवलं.

डावा कान परत आला नाही. तिथे एक बारीक शिटी तेवढी राहिली. झटकाही परत आला नाही. एक महिना, दोन महिने, चार. गोळ्या हळूहळू उतरवत बंद झाल्या. तो कामावर गेला. फ म्हणण्याआधी अजून टेबलाची कड धरली जायची. कंट्रोलर म्हणाला, "हल्ली तुम्ही मध्येच थांबता ते बरं वाटतं. लोक ऐकतात." डॉक्टरांना त्याने विचारलं, की पाणी पिताना अजून श्वास का धरला जातो, आता काही नाही ना? त्या म्हणाल्या, दुखणं गेलंय, भीती तिच्या सवडीने जाईल, घाई करू नका.

सुटीच्या दिवशी सकाळी दोघं खिडकीपाशी बसली होती. ती त्याच्या शर्टाला बटण लावत होती. दोरा त्याने ओवून दिला होता. तिच्या उजव्या मनगटावर आता काही खूण नव्हती. दवाखान्यापासून तो प्रश्न त्याने रोज आतल्या आत गिळला होता. आज कशाने कोण जाणे, तो म्हणाला, "तेव्हा खरंच तू आधी ठरवलं होतंस?"

तिची सुई थांबली.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात म्हणून केलं. मला नको होतं." सुई पुन्हा कापडात घालत म्हणाली, "त्या दिवशी तुम्हाला ते घेऊन आत जाऊ द्यायचं नव्हतं. परत आलाच नसतात तर? आता आलात. आता खोटं कशाला ठेवू?"

सवयीने त्याने दात आवळले, श्वास धरला आणि डाव्या गालाकडे लक्ष लावून वाट बघितली. काही आलं नाही. गाल शांत होता, गार होता, खिडकीतून वारा येत होता तो त्याला नुसता वारा म्हणून लागत होता. जे दुखत होतं ते दुसरीकडे होतं, आणि दोन श्वासांत जाणारं नव्हतं.

"मला वाटतंच होतं," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "सात वर्षं ऐकतेय मी." आणि दोरा संपत येईपर्यंत शिवून, गाठ मारून, तिने तो दातांनी तोडला.